चार खंडीचा आकडा

ठकूबाई मदनेला कुणी विचारलं, "बाई, मेंढरं किती?" तर तिचं उत्तर ठरलेलं असायचं. "असतील चार खंडी." खंडी म्हणजे वीस, तेव्हा चार खंडी म्हणजे ऐंशी. तलाठी विचारो, जनावरांचा डॉक्टर विचारो, नाहीतर कोकणातला एखादा चौकस शेतकरी विचारो, चार खंडीच्या पुढं बाई तसूभर सरकत नसे. कुठल्याशा सरकारी वहीत तिचा कळप पंधरा वर्षं ऐंशीवरच होता. पंधरा वर्षांत एक कोकरू जन्मलं नाही, एक म्हातारी मेंढी मेली नाही! आता बोला.

यात लबाडी नव्हती. जितराब मोजायचं नाही आणि मनाशी मोजलंच तर आकडा तोंडातून काढायचा नाही, हे त्या घरात कुणी कुणाला शिकवावंही लागत नसे. आकडा काढला की दृष्ट लागते. मग रोग येतो, लांडगा येतो, काय वाटेल ते येतं. ठकूबाई मेंढरं मोजत नसे, ओळखत असे. दिवस कलताना मेंढरं वाघरात, म्हणजे जाळीच्या कुंपणात, शिरायला लागली की ती तोंडाशी उभी राहायची आणि शेवटचं मेंढरू आत गेलं की म्हणायची, "लांबकानी दिसली न्हाय रं. वढ्याला बघा." लांबकानी ओढ्यालाच असायची.

असल्या आईच्या पोटी कल्याणी जन्मली, आणि शिकून झाली काय, तर संख्याशास्त्रज्ञ! पुण्यातल्या एका साथरोग संशोधन केंद्रात दिवसभर आकडे चिवडायचे हे तिचं काम. दर दिवाळीनंतर आई आणि धाकटा भाऊ बिरा फलटणच्या माळावरून मेंढरं घेऊन वरंध घाटानं कोकणात उतरायचे आणि ही पुण्यात संगणकापुढं बसायची. तिची मैत्रीण बेनझीर मुजावर चिडवायची, "आई आकडा काढत नाही आणि लेक आकड्याशिवाय तोंड उघडत नाही. बरं जमतं ग तुमचं!"

ही बेनझीर मिरजेची, पेशानं नर्स. दोघी दहा वर्षं एका खोलीत राहिलेल्या. शिकत असताना एकदा कल्याणीला विषमज्वर झाला. मेंढरं तेव्हा कोकणातल्या कुठल्या तरी दरीत होती, आईचा फोन काही केल्या लागेना. बेनझीर बारा दिवस उशाशी बसून राहिली. त्या बारा दिवसांत तिची स्वतःची परीक्षा बुडाली, अख्खं वर्ष हातचं गेलं. त्याबद्दल तिनं पुढं कधी चकार शब्द काढला नाही. कल्याणी मात्र विसरली नव्हती. "मी जिवंत आहे ती या बयेमुळं," असं ती चारचौघांत सांगायची आणि बेनझीर तिला उशी फेकून मारायची.

मग २०४१ साली धाप आली.

रोगाचं शास्त्रीय नाव लांबलचक होतं, लोकांनी त्याला धाप म्हटलं. फारसा ताप नाही, खोकला नाही. दोन दिवस नाक चोंदायचं आणि तिसऱ्या दिवशी जिना चढता चढता माणूस मट्कन खाली बसायचा. शंभरातले चार पुन्हा उठायचे नाहीत. लस निघाली की सहा महिन्यांत विषाणू रूप बदलायचा, की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. शहरं ओसरू लागली. आधी गेले रोजंदारीवाले, त्यांच्यामागं घरून काम करणारे, आणि शेवटी बंगल्यांना कुलपं लावून बंगलेवाले. गावांनी वेशीवर बाभळीच्या फांद्या आडव्या टाकल्या. पण फांद्यांनाही माणूस बघून वाट द्यायची अक्कल होती. गाडीतून आलेल्याची सरपंचाशी कुठून तरी सोयरीक निघायची, आणि डोक्यावर बोचकं घेऊन चालत आलेल्याला शाळेच्या पडवीत एकवीस दिवस बसवायचे.

धनगरांना तर कुठंच थारा नव्हता. एरवी कोकणातली गावं त्यांना हाका मारून बोलवायची, कारण भातकापणी झालेल्या शेतात मेंढरं बसली की लेंड्यांचं फुकट खत मिळतं. त्या वर्षी तीच गावं दगड घेऊन उभी राहिली. ठकूबाईला तीन गावांनी वाटेवरूनच परत फिरवलं. "कोन कुठली रोगराई आनतंय, द्येवाला ठावं," म्हणत तिनं मेंढरं रानातल्या वाटेनं काढली.

आणि मग हळूहळू एक गोष्ट लोकांच्या ध्यानात आली. धनगरांच्या तळांवर धापच नव्हती. एकाही तळावर नव्हती!

कल्याणीच्या केंद्राच्या प्रमुख डॉ. सबनीस मॅडम यांनी याचा छडा लावला. मेंढरांच्या नाकात एक गरीब स्वभावाचा विषाणू सापडला, धापेच्या विषाणूचा लांबचा चुलतभाऊ. धनगर त्याच्या रोगाला शेंबडी म्हणत. मेंढरू दोन-चार दिवस शिंकतं, नाक गाळतं आणि विसरून जातं. त्या मेंढरांत राहणाऱ्या माणसाच्या नाकात हा विषाणू रोज थोडा थोडा जातो. नाकाच्या आतल्या अस्तराला त्याची ओळख पटते आणि पुढं कधी धाप आली, तर ते अस्तर तिला आत पाऊल टाकू देत नाही. हे सगळं नाकातच घडतं, रक्तात त्याची खूण उमटत नाही, म्हणून साध्या तपासणीत काही कळत नाही. नाक धुऊन घेतलेलं पाणी तपासणारी प्रयोगशाळा राज्यात एकच होती आणि तिथं तीन आठवड्यांची रांग. बरं, शेंबडीचीच लस करावी, तर तो विषाणू बाटलीत तासाभरात मरायचा. त्याला जिवंत कळपच लागायचा, आणि माणसाला त्या कळपात सहा आठवडे काढावे लागायचे.

पण कळप केवढा? इथंच घोडं पेंड खात होतं.

गावातली चहाडी घ्या. दहा घरांच्या वस्तीत ती दिवस मावळायच्या आत सगळ्यांना कळते. मग सांगायला नवा कान उरत नाही आणि चहाडी तिथंच विझते. बाजारपेठेच्या गावात मात्र न ऐकलेलं कुणी ना कुणी असतंच, म्हणून ती वर्षभर फिरत राहते. शेंबडीचंही तसंच. मोठ्या कळपात नवी कोकरं जन्मत राहतात, विषाणूला नवं नाक मिळत राहतं. कळप लहान असला, तर सगळी मेंढरं एकदा शिंकून घेतात आणि शेंबडी त्या कळपातून नाहीशी होते. मग अशा कळपात माणूस वर्षभर राहिला तरी उपयोग शून्य. म्हणजे कुठं तरी एक रेघ होती. रेघेच्या वरचे कळप कामाचे, खालचे बिनकामाचे.

ती रेघ शोधायला डिसेंबरात अकरा तळांची पाहणी झाली. दहा कळप उडत्या कॅमेऱ्यानं मोजले. अकरावा तळ ठकूबाईचा. पेटीतून कॅमेरा निघालेला बघताच म्हातारी पदर खोचून आडवी आली.

"ते भिरभिरं माज्या मेंढरांवर फिरवायचं न्हाय."

"अहो मावशी, नुसती मोजणी," सोबतचा तंत्रज्ञ म्हणाला.

"म्हनूनच न्हाय."

तंत्रज्ञानं कल्याणीकडं बघितलं. कल्याणी म्हणाली, "राहू दे. माझ्या घरचाच कळप आहे, मी भरते." आणि तिनं विचारलं, "आये, किती?"

"असतील चार खंडी."

कल्याणीला ते खोटं आहे हे कळत नव्हतं का? कळत होतं की! पण ते उत्तर तिनं लहानपणापासून इतक्यांदा ऐकलं होतं की तो आकडा आहे असं तिला वाटतच नव्हतं. आईचं नाव विचारलं की ठकूबाई म्हणावं, तसं ते उत्तर. आणि खरं सांगायचं तर मेंढरांकडं बघून एक, दोन, तीन म्हणायला तिची स्वतःचीच जीभ रेटली नाही. पीएच.डी. झालेली बाई! तिनं ऐंशी लिहिलं, नंतर अंदाजानं दुरुस्त करू म्हणाली, आणि आईनं चुलीवरची बाजरीची भाकरी हातात ठेवल्यावर दुरुस्ती विसरून गेली.

अकराही तळांवरची माणसं सुरक्षित निघाली. त्यांत सगळ्यांत लहान कळप ऐंशीचा, तेव्हा हिशोब करणाऱ्या दुसऱ्या गटानं थोडं मागं सरून रेघ पंचाहत्तरवर आखली. कल्याणीकडं तेव्हा वाटांचं काम होतं, कुठल्या शहरातली माणसं कुठल्या कळपाकडं न्यायची ते. पंचाहत्तरचा नियम तिनं वाचला आणि तिला उलट आनंद झाला. लहान कळपवाल्यांकडंही माणसं जातील, त्यांचाही मान वाढेल, असं तिच्या मनात आलं.

योजनेला मुक्काम योजना असं नाव मिळालं, आणि काय सांगावं, महाराष्ट्र उलटा चालू लागला! पहिला मान नर्स, रुग्णवाहिकांचे ड्रायव्हर आणि सफाई कामगारांचा. त्यांच्यामागून बाकीचे. निवृत्त न्यायाधीश काखेत कोकरू घेऊन घाट उतरताना दिसू लागले. इचलकरंजीचे यंत्रमाग कामगार आणि बँकेच्या मॅनेजरबाई एकाच चुलीवर चहाची वाट बघू लागल्या. कालपर्यंत दगड घेऊन उभी असलेली गावं हार घेऊन उभी राहिली. ठकूबाईच्या गळ्यातला हार मोडशिंगी नावाच्या मेंढीनं जागच्या जागी खाऊन टाकला. ठकूबाई म्हणाली, "खाऊ द्या. तिलाच शोभतोय."

बेनझीर पहिल्या तुकडीत होती. भोरच्या बाजूला एका कळपाबरोबर तिनं सहा आठवडे काढले. मार्चमधल्या एका गुरुवारी दुपारी तिचा फोन आला.

"कल्या, पास झाले ग मी! मुक्कामाचं प्रमाणपत्र हातात आलं. सोमवारपासून धापेच्या वॉर्डात."

"मेंढरांची आठवण येईल तुला."

"येणारच. अठ्ठ्याहत्तर जणी, अठ्ठ्याहत्तर जणींना मी नावं ठेवलीत. काय गुणाची जनावरं! सहा आठवड्यांत एक साधं शिंकलं नाही."

कल्याणी हसता हसता थांबली. "एकही नाही?"

"एकही नाही. का ग?"

आईच्या तळावर सकाळपासून दिवस मावळेपर्यंत कुणी ना कुणी शिंकत असायचं. ते थांबलंय असं कल्याणीनं जन्मात कधी ऐकलं नव्हतं. मग तिला डिसेंबरातली दुपार आठवली, आणि आपण लिहिलेले ऐंशी आठवले.

"बेनू, सोमवारी जाऊ नकोस."

"का?"

"तुझ्या कळपात शेंबडी नसावी. तू सुरक्षित नाहीस असं मला वाटतंय."

"वाटतंय?" बेनझीरचा आवाज बदलला. "वॉर्डात चाळीस पेशंट आहेत, नर्स तिघी. त्यातल्या एकीला कालपासून चक्कर येतेय. तुला वाटतंय म्हणून मी घरी बसू? नक्की कळलं तर सांग, बसते. नाहीतर सोमवारी सात वाजता मी आत असेन." आणि जरा थांबून म्हणाली, "रागावले नाही ग. पण तूच सांग, तू काय केलं असतंस?"

कल्याणी तडक सबनीस मॅडमच्या खोलीत गेली आणि उभ्या उभ्या सगळं सांगून मोकळी झाली. मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"दहा कळप तीनशेच्या वरचे. अकरावा ऐंशीचा. सगळी रेघ त्या एका ठिपक्यावर उभी आहे, कल्याणी. आणि तो ठिपका तुझा."

"काढून टाकता येणार नाही?"

"गैरसोयीचा आहे म्हणून ठिपका पुसता येत नाही, हे तुला मी सांगायचं? सोमवारी लहान कळपांतून सात हजार माणसं परत शहरात येताहेत. ती थांबवायची तर समितीला कारण द्यावं लागेल."

"आजच्या आज कळप मोजला तर?"

"डिसेंबर ते मार्चमध्ये कोकरं किती झाली, विकली किती? आजचा आकडा कुणी मानणार नाही. त्या दिवशी तिथं किती मेंढरं होती ते सांगणारं माणूस हवं. त्याच्या तोंडून, त्याच्या आवाजात." मग त्या उठून जवळ आल्या. "चूक सांगायला तू स्वतः आलीस, कुणी पकडायच्या आधी. हे मी लक्षात ठेवीन. आता पळ."

त्या दिवशी किती मेंढरं होती हे सांगू शकेल असं माणूस जगात एकच होतं.

शुक्रवारी अकराच्या सुमाराला कल्याणी महाडच्या अलीकडं, वाकणकोंड नावाच्या वाडीत पोचली. कापणी झालेल्या भाताच्या शेतात मेंढरं बसली होती आणि आठ-दहा पुणेकर खुर्प्यानं त्यांच्या खुरांतली माती काढत होते. ठकूबाईनं लेकीचं तोंड बघितलं आणि पाण्याचा तांब्या पुढं केला.

"काय झालं? कुनाचं काय झालं?"

कल्याणीनं सांगितलं. शास्त्र थोडं, चहाडीचं उदाहरण देऊन, आणि बाकी सगळं बेनझीरचं. बिरा मागं उभा राहून ऐकत होता. शेवटी तोच आधी बोलला.

"आये, न्हाय सांगायचं. बाच्या माघारी तू हे जितराब कसं जगवलंस ते मला ठावं हाय. एका आकड्यापायी..."

"तू गप," ठकूबाई म्हणाली. मग ती तिथंच मातीत बसली. एक मेंढी येऊन तिच्या खांद्याला नाक घासून गेली. शेवटी तिनं विचारलं, "ती मिरजेची पोर का? तुजा ताप काढला ती?"

"तीच, आये."

"बारा दिस बसलेली."

"हो."

"मला फोन लागला न्हवता तवा." ठकूबाई जमिनीकडं बघत होती. "मी मेंढरामागं, आन माज्या लेकीच्या उशाला दुसऱ्याची लेक. वर मी तिला साधं जेवायबी घातलं न्हाय कदी." ती गुडघ्यावर हात टेकून उठली. "चल."

"कुठं?"

"बांदापल्याड. हितं मेंढरांनी आयकाय नगं."

दोघी बांधापलीकडं जाऊन मेंढरांकडं पाठ करून बसल्या. कल्याणीनं फोनवर ध्वनिमुद्रण सुरू केलं आणि कागद मांडीवर घेतला. ठकूबाईनं डोळे मिटले.

"त्या दिशी पूर्वेच्या अंगाला कोन व्हतं बघ. काळतोंडी. तिची जुळी. लांबकानी. मोडशिंगी. बांडी, आन बांडीची थोरली. बोडकी. महाडच्या बाजारात मोटारीला भ्यालेली, ती अजून बिचकती. भुरी. आईयेगळी, बिराच्या मांडीवर वाढलेली..."

कल्याणी एकेका नावाला एक रेघ ओढत गेली, पाचवी आडवी. आईच्या मिटल्या डोळ्यांपुढं तो कळप पुन्हा शेतात उभा होता आणि ती एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडं चालत होती. मधेच थांबायची, "न्हाय, ती तवा गाभण व्हती, पिल्लू धरू नगं," म्हणायची आणि पुढं निघायची. एडके आले, लंगड्या आल्या, पुढं पौषात मेलेली एक म्हातारी मेंढी आली तेव्हा ठकूबाईनं तिचं नाव दोनदा घेतलं. दोन तास गेले. कल्याणीला आपल्या शिक्षणाचा फार अभिमान होता, आणि अभिमान वाटावा असं काही आपल्याला येत नाही, हे तिला त्या बांधाआड बसून कळलं.

"झालं," ठकूबाई म्हणाली.

कल्याणी रेघांची बेरीज करू लागली. ती पूर्ण व्हायच्या आतच आईनं फोन आपल्याकडं ओढला आणि त्याच्यात तोंड घालून मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "मी ठकूबाई धुळा मदने. त्या दिशी माजी मेंढरं सतरा खंडी आन सात व्हती. चार खंडी मी खोटं सांगितलं. माज्या लेकीचा त्यात दोष न्हाय."

कागदावरची बेरीज तीनशे सत्तेचाळीसच आली. म्हातारीला आकडा पहिल्यापासून ठाऊक होता. आयुष्यात पहिल्यांदा तो तिनं बोलून दाखवला होता. फोन लेकीच्या मांडीवर ठेवून तिनं मागं वळून मेंढरांकडं बघून घेतलं.

शनिवारी सबनीस मॅडमनी ते दोन तासांचं बोलणं समितीपुढं ठेवलं. एक सदस्य हसला म्हणे. मॅडमनी त्याला यादीतल्या कुठल्याही वीस मेंढ्यांची नावं परत म्हणून दाखवायला सांगितलं, तेव्हा त्याचं हसू मावळलं. रेघ पंचाहत्तरवरून तीनशेवर गेली. लहान कळपांतून आलेल्या चाळीस जणांचं नाक धुतलेलं पाणी रांग मोडून तपासलं गेलं. चाळीसांत दोघं सुरक्षित निघाले. अडतीस जण सोमवारी हातात प्रमाणपत्र घेऊन उघड्या अंगानं आगीत शिरणार होते, आणि त्या अडतिसांत बेनझीर मुजावर होती.

कल्याणीनं तिला फोन केला आणि नुसतं "नक्की" एवढंच म्हणाली. पलीकडं बेनझीर रडत होती.

सात हजार माणसं पुन्हा घाटवाटांना लागली, या वेळी मोठ्या कळपांकडं. मोठ्या कळपांतून आलेल्या नर्स वॉर्डांवर वाटून दिल्या गेल्या. लहान कळपवाल्या धनगरांनी आपापसांत बोलून चार-चार कळप एकत्र केले. हे कुठल्याही केंद्राच्या डोक्यात आलं नव्हतं. आणि बेनझीर आली ती ठकूबाईच्या तळावर. ठकूबाईनं तिला पहिल्या दिवशी इतकं जेवायला घातलं की तिला उठता येईना. सहा आठवडे मेंढरं शिंकत राहिली, आणि दर शिंकेला बेनझीर "शुक्रिया, बाई" म्हणायची. पुढं पुणेकरही तसंच म्हणायला लागले.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात कळप घाट चढून परत निघाला. बेनझीर तपासणीत सुरक्षित ठरली आणि वॉर्डात रुजू झाली. चौथ्या दिवशी बिराचा फोन आला. भोरच्या पुढं वळवाचा पाऊस सुरू झाला, मेंढरं एका आंब्याखाली दाटली आणि आंब्यावर वीज पडली. खंडीहून जास्त मेंढरं जागच्या जागी गेली. काळतोंडी गेली, तिची जुळी गेली, मोडशिंगी गेली.

"सांगितलं व्हतं मी," बिरा म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

कल्याणी आणि बेनझीर पोचल्या तेव्हा खड्डे बुजवून झाले होते. ठकूबाई ओल्या मातीशेजारी बसली होती. बिरा उरलेली मेंढरं घेऊन लांब उभा होता आणि बहिणीकडं बघत नव्हता.

वीज उंच झाडावर पडते, ओल्या जमिनीतून पसरते, आणि चार पायांवर दाटीनं उभं असलेलं जनावर त्यात हमखास सापडतं. दर वर्षी असे कळप जातात. मार्चमधल्या एका आकड्याचा आणि मेमधल्या या विजेचा काडीचा संबंध नाही. कल्याणीला हे सगळं ठाऊक होतं आणि ते खरंही होतं. वाटेत गाडीत तिनं ते आईला समजेल अशा शब्दांत मनाशी जुळवूनही ठेवलं होतं. ती आईशेजारी बसली आणि तोंड उघडणार, तोच ठकूबाई म्हणाली, "रडू नगा दोघीबी. मला ठावं व्हतं."

"काय ठाऊक होतं, आये?"

"आकडा काढला की काय तरी जानार. फोनमदी बोलतानाच ठावं व्हतं." तिनं मातीवरचा हात उचलला आणि बेनझीरच्या गालावर ठेवला. "मला वाटलं व्हतं, मीच जाईन. दोन महिनं वाट बघत व्हते. मेंढरांवर भागलं, लई चांगलं झालं."

कल्याणीनं जुळवून ठेवलेलं सगळं तसंच गिळलं. तिनं आईच्या चिखलानं भरलेल्या पायांवर डोकं ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.